न रडणाऱ्या जूलीचं दुखणं

गुडघ्याचं ऑपरेशन झालेला कुत्रा ओरडत नसेल तर त्याला दुखत नाही. आणि थोडं दुखलं तर बरंच, मग तो गप्प पडून राहील. या दोन समजुती मला पशुवैद्य म्हणून सोलापुरात जवळजवळ प्रत्येक घरात भेटतात. जूलीच्या घरात दोन्ही होत्या. त्यांचा परिणाम तिच्या बाबतीत इतका स्वच्छ दिसला, की हे प्रकरण सविस्तर लिहायचं ठरवलं.

जूली लॅब्राडॉर मादी, सात वर्षांची, नसबंदी झालेली, वजन ३७ किलो. तिच्या हाडापेराच्या मानाने ते ३२च्या आसपास असायला हवं होतं. जुळे सोलापुरात तळमजल्यावर घर. घरात आजी, त्यांचा मुलगा, सून आणि कॉलेजात जाणारी नात. दोन महिन्यांपासून उजवा मागचा पाय धरत होता. आधी सकाळी उठल्यावर चार पावलं लंगडायची आणि मग चालता चालता मोकळी व्हायची. पुढे संभाजी तलावापर्यंतचा फेरा अर्ध्यावरून परत फिरू लागला. एके दिवशी अंगणात मांजरामागे धावताना पाय उचलून धरला तो खाली टेकवेचना, तेव्हा तिला माझ्याकडे आणलं.

तपासणीत फार शोधावं लागलं नाही. बसताना ती उजवा पाय अंगाखाली न घेता बाजूला टाकून बसत होती. उजवी मांडी डावीपेक्षा बारीक झालेली हाताला कळत होती. मांडीचं हाड एका हाताने पक्कं धरून दुसऱ्या हाताने नडगी पुढे ढकलली, तर ती टेबलाच्या खणासारखी पुढे सरकली. गुडघ्याच्या आत मांडी आणि नडगीला बांधून ठेवणारं क्रुसिएट लिगामेंट तुटलेलं होतं. खेळाडूंचं हे लिगामेंट मैदानावर एका झटक्यात तुटतं. कुत्र्यांमध्ये ते बहुतेक वेळा वर्षानुवर्षं झिजत, धागा धागा सुटत येतं, आणि मांजरामागची धाव हा शेवटचा धागा असतो. म्हणून जूलीचं दुखणं त्या दिवसाचं नव्हतं, निदान दोन महिन्यांचं होतं. इतके दिवस सतत दुखत राहिलं की मज्जारज्जूतल्या चेतापेशी जास्त संवेदनशील होऊन बसतात. अशा कुत्र्याला ऑपरेशननंतर त्याच जखमेचं दुखणं जास्त जाणवतं.

आजींची गोळी

ऑपरेशन लगेच करता आलं नाही. विचारपूस करताना सूनबाईंनी सांगितलं, की गेले चार दिवस जूलीला आजींची गुडघेदुखीची गोळी अर्धी अर्धी देत होतो. गोळी अ‍ॅसिक्लोफिनॅक आणि पॅरासिटामॉलची. दोन दिवसांपासून ती उलट्या करत होती आणि शी काळी, डांबरासारखी होत होती. काळी शी म्हणजे पोटात किंवा आतड्यात रक्तस्राव.

घरच्यांनी हे प्रेमापोटी केलं होतं. आजींना ज्या गोळीने बरं वाटतं ती जूलीलाही देऊ, हा विचार माणसाला सहज सुचतो. पण माणसांची वेदनाशामकं कुत्र्याच्या शरीरात वेगळी वागतात. डायक्लोफिनॅक, अ‍ॅसिक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन ही औषधं कुत्र्याच्या जठराला आणि मूत्रपिंडाला लहान मात्रेतही इजा करू शकतात. गुरांसाठी डायक्लोफिनॅक आपल्या देशात २००६ साली आणि अ‍ॅसिक्लोफिनॅक २०२३ साली बंद झालं. ते गिधाडांसाठी झालं, कारण औषध दिलेलं मेलेलं जनावर खाऊन गिधाडं मरत होती. कुत्र्यांसाठीचा धोका वेगळा आहे आणि तो घरातल्या औषधाच्या डब्यातून येतो.

गोळी बंद केली, जठर सांभाळणारी औषधं दिली, रक्त तपासलं. हिमोग्लोबिन थोडं उतरलं होतं. मूत्रपिंड आणि यकृत ठीक होतं. ऑपरेशन दहा दिवस पुढे ढकललं. त्या दहा दिवसांत तिला दुखणं सोसायला लावणं मला मान्य नव्हतं, म्हणून जठराला न जाळणारं वजनाप्रमाणे मोजलेलं पॅरासिटामॉल आणि त्याच्या जोडीला मज्जातंतूंचं दुखणं शमवणारं गॅबापेंटिन दिलं. (हे वाचणाऱ्या कुणाच्या घरी मांजर असेल तर इथेच सांगतो: मांजराला पॅरासिटामॉलची एक गोळीही जीवघेणी ठरते.)

ऑपरेशन आणि परतीचा रस्ता

३७ किलोच्या कुत्रीसाठी टीपीएलओ नावाचं ऑपरेशन करायचं ठरलं. या ऑपरेशनमध्ये तुटलेलं लिगामेंट जोडत नाहीत. नडगीच्या वरच्या टोकाला जो मागे उतरणारा उतार असतो, तिथे हाड गोलाकार कापून फिरवतात, उतार जवळजवळ सपाट करतात आणि प्लेट-स्क्रूने बसवतात. मग पायावर भार पडला तरी नडगी पुढे घसरत नाही. ही पद्धत अमेरिकेतले बार्कले स्लोकम यांनी १९९३ साली मांडली. हे ऑपरेशन पुण्याला एका अस्थिशल्यचिकित्सकांनी केलं, आणि पुढची देखभाल माझ्याकडे आली.

दुखण्याच्या दृष्टीने इथे काय होतं ते नीट समजून घ्यायला हवं. त्वचा कापली जाते, सांध्याचं आवरण उघडलं जातं आणि हाड कापलं जातं. हाडावरचा पातळ पापुद्रा मज्जातंतूंनी भरलेला असतो. शिवाय सूज येते, स्नायू आखडतात. दुखणं इतक्या वेगवेगळ्या वाटांनी येत असताना एकाच गोळीने ते आवरेल अशी अपेक्षा ठेवू नये. म्हणून दोन-तीन औषधं एकत्र देतात, प्रत्येक आपापल्या वाटेवर काम करणारं.

पुण्यात जूलीला कमरेच्या मणक्यातून बुपिव्हाकेन आणि मॉर्फिन दिलं होतं. बुपिव्हाकेनचा सुन्नपणा काही तास टिकतो, मॉर्फिनचा आराम १२ ते २४ तास. सोबत कार्प्रोफेन हे कुत्र्यांसाठीचं सूज-वेदनेचं औषध आणि रात्रभर मॉर्फिनच्या जातीचं ब्युप्रेनॉर्फिन. डिस्चार्ज पेपरवर वेदनेचा आकडा लिहिलेला होता: २० पैकी २. असा आकडा लिहिलेला कागद हातात आला की मला फार बरं वाटतं. मूळ मोजपट्टी ग्लासगो विद्यापीठात तयार झालेली आहे. त्यात आवाज, जखमेकडे लक्ष, चालणं, जखमेभोवती हात लावल्यावरची प्रतिक्रिया, मनःस्थिती आणि अंगाची ठेवण असे सहा रकाने असतात. एकूण गुण २४ आणि ६ किंवा त्याहून जास्त आले तर औषध वाढवायचं. कुत्रा आधाराशिवाय चालूच शकत नसेल तर चालण्याचा रकाना वगळून एकूण २० धरतात आणि सीमा ५ होते. जूलीला आधार लागत होता, म्हणून २०.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते पुण्याहून निघाले. साधारण अडीचशे किलोमीटर. निघायच्या आधी मी फोनवर एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली: टेंभुर्णीपर्यंत थांबून तिला शू करायला लावा. मणक्यातून मॉर्फिन दिल्यावर काही कुत्र्यांना लघवी अडते आणि भरलेल्या मूत्राशयाचं दुखणं गुडघ्याच्या दुखण्यात मिसळून जातं. टेंभुर्णीजवळ हॉटेलच्या बाहेर मातीत त्यांनी तिला उतरवलं. पोटाखालून, मागच्या पायांच्या पुढून, एक मोठा टर्किश टॉवेल घातला होता. त्याची दोन्ही टोकं वर धरून मुलाने तिचा मागचा भार तोलला. तिने बराच वेळ वास घेतला आणि मग मनासारखी शू केली. सोलापूरचं घर म्हटल्यावर टॉवेलची कमी नव्हती. पुढचे दोन आठवडे तोच तिचा आधारपट्टा होता. बाजारातल्या पट्ट्यांपेक्षा मला हा बरा वाटतो, कारण तो रुंद असतो, मऊ असतो, रोज धुता येतो आणि पोटाला काचत नाही.

चौथ्या दिवसाची पहाट

घरी पाठवताना औषधं अशी ठरली होती: कार्प्रोफेन ७५ मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ जेवणानंतर, गॅबापेंटिन ३०० मिलिग्रॅम दर आठ तासांनी. ही मात्रा तिच्या वजनाची आणि तिच्या रक्त-तपासणीची आहे, दुसऱ्या कुत्र्यासाठी उचलू नये. ट्रामाडॉल हे वेदनाशामक मी दिलं नाही. माणसाचं यकृत ट्रामाडॉलपासून जो वेदना मारणारा घटक बनवतं, तो कुत्र्याचं यकृत फार थोडा बनवतं. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर एकट्या ट्रामाडॉलवर ठेवलेल्या कुत्र्यांना पुरेसा आराम मिळत नाही, हे अभ्यासातून दिसलेलं आहे. गॅबापेंटिनच्या बाजूनेही पुरावा तोकडाच आहे, हे मान्य करतो. मी ते देतो कारण जुनं दुखणं असलेल्या कुत्र्यांना त्याने झोप लागते आणि ते स्वस्थ राहतात. आणखी एक, गॅबापेंटिनचं माणसांचं पातळ औषध आणू नये. त्यात झायलिटॉल असू शकतं आणि ते कुत्र्याला विषारी आहे. कॅप्सूल बरी.

पहिले दोन दिवस उत्तम गेले. तिसऱ्या दिवशी मुलाच्या कारखान्यातल्या कुणीतरी सल्ला दिला, "इतकं औषध कशाला, थोडं दुखू दे, म्हणजे पाय टेकणार नाही." त्यात जूली दुपारच्या गॅबापेंटिनने पेंगत होती, ते आजींना बघवत नव्हतं. दुपारची कॅप्सूल थांबली आणि कार्प्रोफेन अर्धं झालं. याच सुमाराला पुण्यात दिलेल्या औषधांचा उरलासुरला आधारही संपला होता.

त्या रात्री जूली झोपली नाही. एप्रिल लागला होता, घर रात्रीही तापलेलं होतं, कूलर चालू होता. ती जीभ बाहेर काढून धापा टाकत होती. सगळ्यांना वाटलं, उकाड्याने. आजी मात्र जाग्या होत्या. मी त्यांना एका वहीत नोंद करायला सांगितली होती. आजींच्या अक्षरात त्या रात्रीच्या ओळी अशा आहेत: "११ वा. बसली परत उठली. १ वा. भिंतीकडे तोंड. २ वा. डोकं खाली टेकवत नाही. ४ वा. गार झालं तरी धाप चालूच."

शेवटची ओळ वाचून मी सकाळी साडेसहाला घरी पोचलो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात धाप हे दुखण्याचं लक्षण म्हणून वापरणं अवघड जातं, कारण धापत तर सगळेच कुत्रे असतात. पण पहाटे चारच्या सुमाराला सोलापुरातली हवाही उतरते. त्या वेळेला, कूलरसमोर, स्वस्थ पडलेला कुत्रा धापत असेल तर उकाड्याला दोष देता येत नाही. एरवीही झोपलेल्या कुत्र्याचे श्वास मिनिटाला तीसच्या आत असायला हवेत. उन्हाळ्यात ऑपरेशन झालेल्या प्रत्येक घराला मी पहाटेची ही एक नोंद करायला सांगतो.

जूली मला बघून शेपूट हलवायची, त्या दिवशी हलवली नाही. कोपऱ्यात अर्धवट बसलेली, डोकं वर, कान मागे ओढलेले, ओठ पुन्हा पुन्हा चाटत होती. आधी दुसरी कारणं काढून टाकायची होती. ताप नव्हता. मूत्राशय रिकामं होतं. टाक्यांची रेघ कोरडी, लाली नाही, पाणी नाही. सूज खाली घोट्याजवळ आली होती; ती या ऑपरेशननंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी गुरुत्वाकर्षणाने खाली येतेच. मग मोजपट्टी धरली. आवाज: शून्य. जखमेकडे मान वळवून बघणं: १. टाक्यांपासून दोन इंचांवर हलकं दाबल्यावर अंग आक्रसणं: २. मनःस्थिती, घाबरलेली: ३. सतत जागा बदलणं: २. एकूण ८.

आवाजाचा रकाना मी मुद्दाम मोठ्याने वाचला. आजी म्हणाल्या, "रडली असती तर कळलं असतं की ओ डॉक्टर. ही नुसती बघत बसती." त्यांनी जे बघितलं होतं ते अगदी बरोबर होतं, फक्त त्याला दुखणं म्हणायचं की नाही याची त्यांना खात्री नव्हती. कुत्र्याची जात कळपातली, आणि कळपात कमजोरी दाखवणं परवडत नसावं. मोठं दुखणंही तो गप्प राहून सोसतो. ओरडतो तो अचानक उठलेल्या कळेने, किंवा अगदी असह्य झाल्यावर. तिथपर्यंत वाट बघायची म्हणजे जनावराचे हाल करणं आहे, याबद्दल माझ्या मनात काहीही शंका नाही.

ब्युप्रेनॉर्फिनचं इंजेक्शन दिलं. कार्प्रोफेन पूर्ण मात्रेत परत आलं, दुपारची कॅप्सूल परत आली, आणि तीन दिवसांसाठी पॅरासिटामॉल जोडलं. अडीच तासांनी गुण ४ झाले, संध्याकाळी २. त्या दुपारी ती कुशीवर आडवी होऊन, ऑपरेशनचा पाय वर ठेवून, सलग चार तास झोपली. दुखणं अंगावर येण्याआधी अडवायला जितकं औषध पुरतं, त्याच्या कितीतरी जास्त ते चढल्यावर उतरवायला लागतं. "आज बरी दिसतेय" म्हणून मधली मात्रा गाळली की हेच होतं. ती बरी दिसत असते ती त्या मात्रेमुळेच.

"दुखू दे, म्हणजे पाय टेकणार नाही"

हे वाक्य मी शेतकऱ्यांकडून ऐकलं आहे, शिकलेल्या लोकांकडून ऐकलं आहे, आणि खेदाची गोष्ट म्हणजे आमच्या व्यवसायातल्या जुन्या लोकांकडूनही ऐकलं आहे. त्यामागची काळजी खरी आहे. हाड जुळायला आठ ते बारा आठवडे लागतात आणि तोवर उड्या मारल्या तर प्लेट हलू शकते. पण कुत्र्याला आवर घालायचं काम दुखण्यावर सोपवू नये.

दुखणारा पाय कुत्रा उचलून धरतो. उचलून धरलेल्या पायाची मांडी काही दिवसांत आटायला लागते, गुडघा आखडतो आणि नंतर तो पूर्ण सरळ होत नाही. मग आपणच महिनाभर व्यायाम करून ते परत मिळवायला बसतो. दुखण्यात झोप नाही, भूक नाही, जखम भरायला उशीर. त्यातून कुत्रा सावध होतो असंही नाही. दारावरची घंटा वाजली की दुखऱ्या पायासकट तो धावतोच, आणि धावताना वेडावाकडा पडतो, कारण त्याला त्या पायावर नीट भार देता येत नाही. मी तर हळू चालताना पाय टेकावा म्हणूनच औषध देतो. या ऑपरेशननंतर पट्ट्यावर, सावकाश, चार पावलं पाय टेकून चालणं हेच औषध आहे. आवर घालायला पट्टा आहे, बंद कोपरा आहे, गरज पडली तर शांत करणारं औषध आहे.

जूलीसाठी हॉलच्या एका कोपऱ्यात दिवाण आणि भिंत यांच्यामध्ये जागा केली, पुढे अडवायला पाट्या लावल्या. खाली गुळगुळीत टाइल्स होत्या. घरच्यांनी प्रेमाने दोन चादरी अंथरल्या, पण चादर टाइलवर स्वतःच सरकते, आणि सरकणाऱ्या चादरीवर घसरलेला पाय फरशीवरच्यापेक्षा वाईट मुरगळतो. खाली रबरी मॅट टाकली, वर चादर घालून कडा मॅटखाली दुमडल्या. तरी दुपारी ती गार फरशी शोधत कडेला सरकायची. मग मॅटवर ओला टॉवेल पिळून टाकायला सुरुवात केली, तेव्हा ती तिथेच राहिली.

शेक, पाणी, जेवण

पहिल्या पाच दिवसांत बर्फाचा शेक, दिवसातून चार वेळा, दर वेळी १०-१५ मिनिटं. बर्फ थेट लावायचा नाही, मध्ये पातळ कापड. नातीने एक चांगली युक्ती केली: टॉवेल भिजवून, पिळून, गुडघ्याच्या आकाराला वाकवून फ्रीझरमध्ये ठेवायचा. असा टॉवेल गुडघ्याला सगळ्या बाजूंनी बसतो, बर्फाच्या खड्यांसारखा टोचत नाही. शेकानंतर घोट्याकडून वर मांडीकडे हलक्या हाताने मसाज, म्हणजे खाली आलेली सूज वर सरकते.

कार्प्रोफेनसारखं औषध चालू असताना पाण्याची कमतरता फार धोक्याची. शरीरात पाणी कमी झालं की मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा टिकवून धरणारी जी यंत्रणा असते तिच्यावरच हे औषध परिणाम करतं. बाहेर चाळिशी ओलांडलेली, आणि नळाला पाणी काही दिवसांआड. या घरात पाणी भरून ठेवलेलं असे, पण जूलीचं भांडं कोपऱ्याच्या बाहेर होतं. कोपऱ्यात दोन भांडी ठेवली आणि ती रोज किती रिकामी होतात ते आजींच्या वहीत गेलं.

दुपारी उन्हात ती जेवत नव्हती. उपाशीपोटी कार्प्रोफेन द्यायचं नाही, म्हणून जेवण आणि गोळी पहाटे सहाला आणि रात्री आठला आणली. एकदा पोट बिघडलेलं असल्यामुळे घरात सगळ्यांना पाठ करायला लावलं होतं: उलटी, काळी शी, पातळ शी किंवा एक वेळचं जेवण टाळणं, यांतलं काहीही झालं तर कार्प्रोफेन थांबवायचं आणि मला फोन करायचा. विचारायला थांबायचं नाही, आधी गोळी बंद. सहाव्या दिवशी तिने सकाळचं जेवण सोडलं. सूनबाईंनी गोळी दिली नाही, फोन केला. शी ठीक होती, संध्याकाळी ती जेवली, रात्रीची गोळी दिली. हे असंच व्हायला हवं.

गोळी कशात लपवायची हाही प्रश्न होता. आजींनी भाकरीच्या तुकड्यावर शेंगा चटणी लावून दिली होती, आणि जूलीला ती फार आवडली होती. पण आपल्या चटणीत लसूण भरपूर असतो, आणि लसूण-कांदा कुत्र्याच्या रक्तपेशी फोडतो. ज्या कुत्रीचं हिमोग्लोबिन आधीच उतरलं आहे तिला तर मुळीच नको. उकडलेल्या अंड्याच्या तुकड्यात गोळी जाऊ लागली. भाकरीही मोजून, कारण प्रत्येक जास्तीचा किलो त्याच गुडघ्यावर बसतो.

पुढचे आठवडे

पॅरासिटामॉल सातव्या दिवशी थांबवलं. बाराव्या दिवशी टाके काढले, तेव्हा ती हळू चालताना बोटं टेकत होती. कार्प्रोफेन चौदा दिवस पूर्ण केलं आणि रक्त पुन्हा तपासलं, सगळं ठीक. गॅबापेंटिन एकदम न तोडता तिसऱ्या आठवड्यात आधी दुपारचं, मग सकाळचं, मग रात्रीचं असं उतरवलं. औषध कमी करताना नियम एकच ठेवला: एका वेळी एकच गोष्ट कमी करायची आणि दोन रात्री वही बघायची.

गुडघ्याची हालचाल सहाव्या दिवसापासून सुरू केली. कुशीवर झोपवून, पाय सावकाश दुमडायचा आणि सरळ करायचा, गोळी दिल्यानंतर तासाभराने. जूलीने मान वळवून हाताकडे बघितलं की तिथेच थांबायचं. नातीने हे काम घेतलं होतं आणि तिचा हात फार हलका आहे.

पाचव्या आठवड्यात जूली पाट्या ओलांडून दिवाणावर चढली आणि उतरताना परत लंगडली. अशा वेळी गोळी वाढवून वाट बघायची नसते. आधी पाहायचं की आतली गादी, म्हणजे मेनिस्कस, फाटली आहे का, स्क्रू ढिला झाला आहे का, जंतुसंसर्ग आहे का. एक्स-रेमध्ये प्लेट जागेवर होती, सांधा वाकवताना खट्ट असा आवाज नव्हता, पण वाटीखालचा स्नायुबंध जाड आणि दुखरा होता. हे या ऑपरेशननंतर बऱ्याचदा होतं. पाच दिवस कार्प्रोफेन, शेक, पट्ट्यावरचं चालणं अर्ध्यावर. दहा दिवसांत पूर्ववत झाली.

आठव्या आठवड्याच्या एक्स-रेमध्ये हाड जुळलेलं दिसलं. बाराव्या आठवड्याला उजव्या मांडीचा घेर ३८ वरून ४१ सेंटिमीटर झाला होता, डावी ४४. वजन ३३.५ किलो. संभाजी तलावाचा फेरा पट्ट्यावर, पहाटे, पूर्ण होतो.

रोजचं औषध आता काहीही नाही. या सांध्यात संधिवात राहणारच आहे, तेव्हा थंडीत किंवा जास्त चालणं झाल्यावर दोन-चार दिवस कार्प्रोफेन लागेल, तेही मला विचारून आणि दर सहा महिन्यांनी रक्त तपासून. एका गुडघ्याचं लिगामेंट झिजून तुटलेल्या कुत्र्यांपैकी निम्म्याच्या आसपास कुत्र्यांचा दुसरा गुडघाही पुढे जातो, म्हणून दर तीन महिन्यांनी डावा पाय तपासतो. आजींची वही अजून चालू आहे. सकाळी उठल्यावर पहिली चार पावलं कशी टाकली, एवढंच त्यात रोज लिहायचं.